जुन्या वस्तूंच्या दुकानात सवलतीचं गणित वेगळं का असतं

सवलत दिली की खप वाढतो, आणि खप वाढला की नगामागे कमी मिळालं तरी एकूण भरून निघतं. व्यापारातलं हे फार जुनं समर्थन आहे आणि नव्या मालाच्या दुकानात ते पुष्कळदा खरंही ठरतं. तिथे एकच शर्ट सगळ्या मापांत आणि पाच रंगांत मागच्या खोलीत पडून असतो. संपला तर फोन केला की आणखी येतो. वापरलेल्या वस्तू विकणाऱ्या छोट्या दुकानात प्रत्येक नग एकटा असतो. लोकरी कोट एकच आहे. त्याच मापाचा, त्याच अवस्थेतला दुसरा कुठून मागवता येत नाही. त्यावर ३० टक्के सूट दिली म्हणून तो दोनदा विकला जाणार नाही. फार तर महिन्याभरानं गेला असता तो आज जाईल.

रीसेलच्या, म्हणजे जुन्या वस्तू पुन्हा विकणाऱ्या, दुकानात सवलत देऊन दुकानदार विकत घेतो तो वेळ. मग विचारायचं एवढंच उरतं, की किती वेळ वाचला आणि त्यासाठी किती मोजले. बहुतेक छोटी दुकानं हा हिशेब करत नाहीत. शेजारच्यानं फलक लावला म्हणून आपणही लावतात, आणि संध्याकाळी गल्ला भरलेला दिसला की सेल यशस्वी झाला असं समजतात.

आधी साधी वजाबाकी

एक वस्तू ४० ला घेतली. धुणं, तुटलेलं बटण लावणं, इस्त्री, फोटो, लेबल यात १० गेले. दुकानात ती १०० ला लावली. चलन कुठलंही धरा, आपल्याला प्रमाणाशी मतलब. विकली की हातात ५० राहतात.

या ५० मधून दुकान चालतं. भाडं, वीज, माणसांचा पगार, पिशव्या, कार्ड मशीनचं शुल्क असा सगळा मिळून महिन्याचा खर्च ७,००० आहे आणि महिन्याला २०० नग जातात, असं समजू. नगामागे ३५ झाले. म्हणजे खरा नफा १५.

आता २० टक्के सूट द्या. गिऱ्हाइकाला १०० ची वस्तू ८० ला मिळाली, म्हणजे पाचवा हिस्सा कमी. दुकानाकडे मात्र ५० च्या जागी ३० राहिले. खप तेवढाच राहिला तर ३५ चा खर्च वजा जाता नगामागे ५ चा तोटा. सूट द्यायची ती किमतीवर, पण ती कापली जाते नफ्यातून, कारण खरेदीचे ४० आणि धुलाईचे १० आधीच खर्च झालेले असतात. ते कोणी परत देत नाही.

महिन्याअखेर हातात तेवढीच रक्कम हवी असेल तर किती जास्त विकावं लागेल, हे काढणं सोपं आहे. सवलतीआधी नगामागे मिळणारी रक्कम भागिले सवलतीनंतर मिळणारी रक्कम. १० टक्के सुटीला ५० भागिले ४०, म्हणजे सव्वापट विक्री हवी. २० टक्क्यांना १.६७ पट, ३० टक्क्यांना अडीच पट. ४० टक्क्यांना पाचपट. पाहा, टक्का सरळ रेषेत वाढतो आणि लागणारी विक्री उड्या मारत वाढते. १० वरून २० ला जाताना जेवढं ओझं वाढलं, त्याच्या कितीतरी पट ते ३० वरून ४० ला जाताना वाढतं. म्हणून ‘अजून दहाच टक्के तर’ हे वाक्य दर वेळी वेगळ्या किमतीचं असतं.

आणि इथे नगाच्या एकटेपणाचा मुद्दा येऊन आदळतो. ३० टक्के सूट देऊन महिन्याला २०० च्या जागी ५०० नग विकायचे, तर वरचे ३०० नग आणायचे कुठून? कारखान्याला ऑर्डर देता येत नाही. कोणाच्या तरी घरातून, आवराआवरीतून, घाऊक गठ्ठ्यातून ते एकेक शोधावे लागतात, पारखावे लागतात, धुवावे लागतात. घाईनं शोधायला गेलं की दोनपैकी एक होतं: जास्त पैसे मोजावे लागतात, नाहीतर एरवी ज्याला हातही लावला नसता असा माल उचलावा लागतो. ४० ची खरेदी घाईत ४५ ला पडली, तर ३० टक्के सुटीनंतर नगामागे २० ऐवजी १५ उरतात, आणि लागणारी विक्री अडीच पटीवरून ३.३३ पटीवर जाते.

या हिशेबावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. भाडं तर द्यायचंच आहे, वस्तू गेली काय न गेली काय. मग ७० ला गेली तरी खरेदी आणि धुलाई भागून २० तर सुटले! एका वस्तूपुरतं, एका दिवसापुरतं हे अगदी बरोबर आहे. पण तेच उत्तर रोज, प्रत्येक नगाला दिलं तर ते ७,००० भरणार कोण? प्रत्येक नगाला वाटतं, भाडं दुसरा भरेल.

फलक लावल्यावर आधी काय जातं

‘आज सर्व मालावर ३० टक्के’ असा फलक लागला, की पहिल्या तासात काय उचललं जातं? सहा महिने खुंटीवर लोंबणारा, खांद्यावर रंग उडालेला कोट तर नक्कीच नाही. जाते ती परवाच आलेली, न वापरल्यासारखी दिसणारी चामड्याची पिशवी. कालच लावलेला, पूर्ण संच असलेला कॅमेरा. म्हणजे त्या वस्तू, ज्या येत्या आठवड्यात पूर्ण भावानं गेल्याच असत्या. जे घालवायचं म्हणून सेल लावला, ते सेल संपल्यावरही तिथेच असतं.

सरसकट सवलतीचा हा सर्वांत महागडा दोष, आणि तो गल्ल्यात दिसत नाही. गल्ला त्या दिवशी फुगलेलाच असतो. दोष दिसतो तो पुढच्या तीन आठवड्यांत: चांगला माल गेलेला, गाळ राहिलेला, आणि नवं येणारं गिऱ्हाईक एक फेरी मारून रिकाम्या हातानं परत जाणारं. दुकानात आता काही मिळत नाही, अशी बोलवा पसरते. ती पसरली की दुकानदार काय करतो? आणखी एक सेल.

घेणारे कोण असतात, तेही पाहायला हवं. अशा दिवशी सर्वांत आधी येतात ते धंदा म्हणून जुन्या वस्तू घेऊन पुढे विकणारे. त्यांना भाव पाठ असतात, फोनवर एका मिनिटात तपासताही येतात. तुमची सूट गरजू गिऱ्हाइकाला मिळावी असा तुमचा हेतू असेल, पण ती त्यांच्या नफ्यात जमा होते. यात त्यांचं काही चुकत नाही. चुकीचा भाव दिसला की उचलणं हेच त्यांचं काम. पण एखादी वस्तू लावल्या लावल्या असा माणूस उचलून नेतो, तेव्हा आपला मूळ भावच कमी होता का, हे त्याच दिवशी तपासावं. त्यात सूटही असेल तर नुकसान दुहेरी.

सवलतीवर सवलत

छोट्या दुकानातली गळती बहुतेक वेळा एका मोठ्या निर्णयातून होत नाही. लेबलाच्या रंगाप्रमाणे, म्हणजे माल किती जुना त्यावरून, ५० टक्के. नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून वर १० टक्के. मग काउंटरवर ‘पंचेचाळीस काय, चाळीस करा’. ते करणारा पोरगा कामावर नवा आहे, त्याला वाद नको असतो. १०० चे ५०, ५० चे ४५, ४५ चे ४०. वस्तू दुकानाला ५० ला पडली होती. तीन वेगवेगळ्या निर्णयांपैकी एकही वेडगळ नव्हता.

उपाय फार साधा आहे, तरी तो क्वचित दिसतो. एका वस्तूवर एकच सवलत, जी मोठी असेल ती. आणि काउंटरवरच्या माणसाला किती सोडायची मुभा आहे, ते आकड्यात ठरलेलं. घासाघीस बंद करा असं मी म्हणणार नाही. जुन्या मालात ती होणारच, आणि तिच्यात गंमतही आहे. पण घासाघिशीसाठी जागा ठेवायची म्हणून सगळ्याच लेबलांवर आकडा फुगवून लिहायचा, ही युक्ती उलटते. जे मागतात त्यांना कमी भाव मिळतो, जे भिडस्तपणे मागत नाहीत ते जास्त देतात, आणि ज्यांना घासाघीस नकोशी वाटते ते लेबल पाहूनच बाहेर पडतात. हे तिसरे लोक आपल्याला कधी मोजताच येत नाहीत.

फुगवलेल्या ‘मूळ किमती’वर काट मारण्याबद्दल कायदाही आता डोळे उघडे ठेवून आहे. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार दुकानानं किंमत कमी केल्याचं जाहीर केलं, तर आधीची किंमत म्हणून गेल्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. जुन्या वस्तूच्या बाबतीत ‘नवी असताना एवढ्याची’ हा आकडा सांगायचा असेल तर तो तसाच, स्वच्छ शब्दांत सांगावा. ती आपल्या दुकानातली आधीची किंमत नव्हे.

गिऱ्हाईक काय शिकतं

अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये टिकाऊ वस्तूंबद्दल एक कोडं मांडलं. टिकाऊ वस्तू विकणारा एकटाच विक्रेता असला, तरी भाव चढा ठेवणं त्याला जड जातं. कारण आज चढ्या भावानं घेणारे घेऊन गेले, की उरलेल्यांसाठी तो उद्या भाव उतरवणार, हे गिऱ्हाइकांना कळतं. मग आज घेणारेही थांबतात. विक्रेता स्पर्धेत सापडतो तो स्वतःच्याच उद्याच्या भावाशी.

जुन्या वस्तूंच्या दुकानाला या सापळ्यातून वाचवणारी एक गोष्ट निसर्गतःच मिळालेली असते, आणि ती म्हणजे पुन्हा तो एकटा नग. ‘थांबलो तर दुसरा कोणीतरी नेईल’ ही धाकधूक गिऱ्हाइकाला आज पैसे काढायला लावते. नव्या मालाच्या दुकानांना ‘साठा मर्यादित’ असं ओरडून ती निर्माण करावी लागते. रीसेलवाल्याकडे ती फुकट असते, आणि सवलतीच्या अतिरेकानं तो नेमकी तीच घालवतो. दर शनिवारी सूट असेल तर शुक्रवारी कोण घेणार? थोडी जोखीम घेऊन लोक शनिवारची वाट पाहतात, कारण बहुतेक वस्तू शनिवारपर्यंत असतातच. हळूहळू आठवड्याचे पाच दिवस दुकान हे नुसतं बघायचं ठिकाण होतं.

भाव खाली आणणं सोपं आणि वर नेणं अवघड, याचं कारण मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांच्या १९७९ च्या संशोधनात सापडतं. माणसं लाभ-तोटा एखाद्या ठरावीक पातळीपासून मोजतात, आणि तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख त्यांना जास्त टोचतं. ७० ला घ्यायची सवय झालेल्याला १०० हा नेहमीचा भाव वाटत नाही. ३० चा दंड वाटतो.

याचं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीचं. तिथली बहुतेक विक्री कूपन आणि सेलवर चालत असे. अ‍ॅपलच्या दुकानांचा कारभार सांभाळून आलेल्या रॉन जॉन्सन यांनी २०१२ च्या सुरुवातीला कूपनं आणि सततचे सेल काढून टाकले आणि रोजचेच भाव सरळ कमी ठेवले. कागदावर गिऱ्हाइकाचं फारसं काही जात नव्हतं. पण त्याला सवय होती काट मारलेली किंमत पाहण्याची, कूपन कापून आणण्याची. त्या वर्षात विक्री सुमारे चौथ्या हिश्शानं घसरली, एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन गेले आणि कूपनं परत आली. एवढ्या मोठ्या साखळीची ही गत झाली. तिच्याकडे तो फटका सोसायला पैसा तरी होता.

माल देणारेही फलक वाचतात

नव्या मालाच्या दुकानात पुरवठादाराला तुम्ही कितीला विकता याच्याशी फारसं घेणं नसतं. रीसेलमध्ये पुरवठादार म्हणजे पुष्कळदा शेजारपाजारचीच माणसं, आणि ती दुकानात येतात, लेबलं वाचतात.

काही दुकानं माल विकत घेतच नाहीत. वस्तू मालकाचीच राहते, दुकान ती विकून देतं आणि ठरलेला हिस्सा कापून घेतं. समजा निम्मा-निम्मा वाटा. १०० ला गेली तर दोघांना ५०-५०. ३० टक्के सूट देऊन ७० ला गेली तर दोघांना ३५-३५. आता वरच्या उदाहरणाशी ताडून पाहा. स्वतः विकत घेतलेल्या मालावर ३० टक्के सूट दिली की दुकानाचे ५० चे २० होत होते. इथे ५० चे ३५ च झाले, आणि भांडवलही अडकलेलं नव्हतं. म्हणजे दुसऱ्याच्या मालावर सूट देणं दुकानाला स्वस्त पडतं. मोह तिथेच होतो. पण मालकिणीच्या मनात त्या वस्तूची एक किंमत असते, बहुधा खऱ्यापेक्षा जास्तच, आणि तिच्या हातात ३५ पडतात. ती भांडत नाही. पुढच्या वेळी चांगली साडी, चांगलं घड्याळ दुसरीकडे नेते, आणि तुमच्याकडे उरलंसुरलं आणून देते.

जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा एक निबंध याच गोष्टीवर आहे, जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन. घेणाऱ्याला गाडी चांगली की खराब हे कळत नसेल तर तो मधला भाव देतो. मधल्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरलेल्या गाड्यांचा दर्जा घसरतो, म्हणून भाव आणखी घसरतो, मग त्यातल्या त्यात बऱ्या गाड्याही निघून जातात. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. छोट्या दुकानात हीच साखळी सवलतीच्या फलकापासून सुरू होऊ शकते: भाव पडला, चांगला माल देणारे गेले, गाळ वाढला, म्हणून भाव आणखी पाडला.

त्याच निबंधातला दुसरा धडा गिऱ्हाइकाकडचा. जुन्या वस्तूची आतली अवस्था दिसत नाही, तेव्हा किंमत हीच एक खूण असते. चालू स्थितीतला फोन किंवा मिक्सर अर्ध्याहून कमी भावात ठेवला की समजूतदार माणूस आनंदण्याआधी विचारतो, याला झालंय काय? तिथे आणखी सूट देण्यापेक्षा ‘बॅटरी बदललेली आहे, चालवून पाहा, १५ दिवसांत बिघडला तर परत घेऊ’ एवढं लिहिलेलं जास्त काम करतं. आणि खर्च कमी, कारण परत येणारे नग फार नसतात. फार येत असतील तर अडचण भावात नाही, पारखण्यात आहे.

कराचा एक बारकावा ओझरता सांगतो. अनेक देशांत काही अटींवर वापरलेल्या वस्तूंवरचा कर पूर्ण किमतीवर न घेता खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर घेतात. पण काही ठिकाणी एका नगावर तोटा झाला तर तो दुसऱ्या नगाच्या फरकातून वजा करता येत नाही. खरेदीभावाच्या खाली विकायची सवय असेल तर आपल्याकडचा नियम हिशेबनिसाला विचारून घ्यावा.

मग सूट द्यायची कधी?

इतकं वाचून कोणी सवलतच बंद करायला निघालं तर तेही फसेल. पडून राहिलेला माल फुकट पडून राहत नाही. त्याचा हिशेब जागेवरून काढावा.

आपल्या दुकानात खुंट्या, फळ्या, कपाटं धरून ५०० नग मावतात असं समजा. महिन्याचा खर्च ७,०००, म्हणजे एका जागेचं महिन्याचं भाडं १४. महिन्याला २०० नग जातात आणि ५०० मावतात, म्हणजे एक नग सरासरी अडीच महिने राहतो. अडीच गुणिले १४ म्हणजे ३५. वर नगामागे काढलेला खर्च तो हाच. फक्त आता तो महिन्याच्या मापानं दिसतो, आणि म्हणून निर्णयाला उपयोगी पडतो.

१०० ची वस्तू आज २० नं उतरवून जाणार आहे. न उतरवता आणखी एक महिना थांबलं तर जागेचे १४ जातील. महिन्याभरात ती पूर्ण भावानं जाईल असं वाटत असेल तर थांबणं ६ नं फायद्याचं. दोन महिने लागतील असं वाटत असेल तर २८ जातील, आजच उतरवा. अंदाज चुकणारच, पण हातात एक माप आलं.

यात एक अट दडलेली आहे. जागेचं भाडं तेव्हाच खरं, जेव्हा त्या जागेवर बसायला दुसरी बरी वस्तू मागे तयार असते. मागची खोली भरलेली असेल तर पडलेला नग रोज नुकसान करतो. मागे काहीच नसेल, तर तो नग घालवून मोकळी खुंटी मिळेल, आणि मोकळ्या खुंटीचं भाडंही १४ च आहे. अतिसवलतीत बुडणाऱ्या दुकानांचं हे नेहमीचं चित्र: सेल जोरात, खुंट्या रिकाम्या, आणि नवा माल घ्यायला पैसे नाहीत कारण सेलमध्ये नफा उरलाच नाही. म्हणून फलक लावण्याआधी मागची खोली पाहावी.

उलट, खरोखर मेलेल्या मालाच्या बाबतीत लोक फार चिकटून बसतात. ४० ला घेतला होता, ४० च्या खाली कसा देऊ? ते ४० गेले. आज तो नग कितीला जाईल आणि ती जागा दुसऱ्याला मिळाली तर काय होईल, एवढंच पाहायचं. ताज्या मालावर सढळ आणि मेलेल्या मालावर कंजूष, अशी उलटी रीत मला अनेक दुकानांत दिसते.

वयाप्रमाणे सूट ही रीत म्हणूनच सर्वांत शहाणी. लेबलावर लावल्याची तारीख किंवा आठवड्याचा रंग असतो, आणि जुन्या रंगालाच सूट मिळते. अमेरिकेतल्या गुडविलसारख्या धर्मादाय दुकानांत हे नेहमी दिसतं. याचा पूर्वज बोस्टनमधल्या फिलीन्स या दुकानाच्या तळघरात होता. गेल्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड फिलीन यांनी तिथे वेळापत्रकच लावलं: विक्रीचे १२ दिवस झाले की २५ टक्के कमी, १८ ला ५०, २४ ला ७५, आणि ३० दिवसांनीही राहिलं तर धर्मादाय संस्थेला दान. सगळ्यांना तारखा माहीत. तरी लोक शेवटपर्यंत थांबत नसत, कारण हवी ती वस्तू दुसरा नेण्याची भीती असे. आणि माल मुळात दुसऱ्यांकडे शिल्लक राहिलेला, स्वस्तात घेतलेला. पुढची उतरण खरेदीच्या वेळीच हिशेबात धरता येत होती. छोट्या दुकानात चार पायऱ्यांची गरज नाही. दोन पुरेत, आणि दुसरीनंतर वस्तू दुकानातून बाहेर. पहिल्या पायरीआधी मात्र तिची जागा बदलून पाहावी, लेबलावर माप आणि अवस्था नीट लिहावी, फोटो उजेडात पुन्हा काढावा. पुष्कळ नग न जाण्याचं कारण भाव नसतंच. ते चुकीच्या मापाच्या रांगेत लटकत असतात.

एक प्रसंग असा येतो जिथे हे सगळं माहीत असूनही दुकानदार फलक लावतो. उद्या भाडं द्यायचं आहे आणि खात्यात पैसे नाहीत. हे सेल नव्हे, कर्ज आहे, आणि त्याचं व्याज काढून पाहावं. महिन्याभरानं १०० ला जाणारी वस्तू आज ७० ला दिली. महिन्याचे जागेचे १४ वजा केले तरी ८६ च्या जागी ७० घेतले, म्हणजे ७० वर १६, महिन्याला सुमारे २३ टक्के. घरमालकाकडे दहा दिवस मागणं कितीही जिवावर आलं तरी यापेक्षा स्वस्त पडेल.

सवय लागलीच असेल तर

जेसी पेनीसारखं एका सकाळी सगळं बंद करू नये. जुनी लेबलं जुन्या नियमानं संपू द्यावीत. आजपासून आत येणाऱ्या मालावरच नवा नियम लावावा: पहिले काही आठवडे पूर्ण भाव, मग ठरलेली उतरण, वर काही नाही. दोन-अडीच महिन्यांत दुकानातला बहुतेक माल आपोआप नव्या नियमाखाली येतो, कारण जुना गेलेला असतो. मोठी घोषणा करायची गरज नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगावं.

या काळात विक्रीचा आकडा खाली येईल, त्यानं घाबरून जाऊ नये, पण डोळे मिटूनही बसू नये. पाहायचं ते हे, की विकलेल्यांपैकी किती नग पूर्ण भावानं गेले, ते जायला किती दिवस लागले, आणि सगळा खरेदी-धुलाईचा खर्च वजा जाता एका जागेमागे महिन्याला किती सुटले. वरच्या दुकानात हा शेवटचा आकडा २० होता: २०० नग, प्रत्येकी ५०, भागिले ५०० जागा. १४ च्या खाली तो जाऊ लागला तर दुकान खिशातून चाललं आहे. यासाठी संगणक लागत नाही. लेबल फाडताना त्याच्या मागे विकल्याची तारीख आणि प्रत्यक्ष मिळालेले पैसे लिहून ते डब्यात टाकले, तरी महिन्याअखेर तासाभरात हिशेब निघतो. आणि त्या डब्यात कुठल्या प्रकारचा माल आठवड्यात जातो व कुठला तीन महिने बसतो हेही कळतं. पुढच्या खरेदीला जाताना डोक्यात ठेवायची यादी तिथूनच मिळते.